नॉर्मलबाईचं रक्त

तिला सगळे नॉर्मलबाई म्हणायचे. हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, प्रयोगशाळेनं ठेवलं होतं, आणि ते तिला इतकं चिकटलं होतं की एकदा हजेरीच्या वहीत सही करताना तिच्या स्वतःच्याच हातून तेच लिहिलं गेलं. चिडायची नाही ती. उलट मनातून खूशच असायची. अहो, ज्याच्या रक्तावर अख्ख्या विभागाचा भरवसा, असं दुसरं होतं तरी कोण तिथे?

त्याचं झालं असं. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. तिच्यात गाठ झाली आणि ती गाठ वाढीचं संप्रेरक सोडत सुटली, की वय चाळिशीचं असो नाहीतर साठीचं, माणूस पुन्हा वाढायला लागतो. उंची नाही वाढत, ती वेळ गेलेली असते. वाढतात हात, पाय, जबडा, भुवयांवरचं हाड. जीभ जाड होते, आवाज खोल जातो. आणि हे सगळं इतकं सावकाश की घरच्यांना पत्ताही लागत नाही. बूट आखडलेत म्हणतात, चेहरा वयानुसार भरलाय म्हणतात, आणि दहा वर्षं निघून जातात.

तिचा दादा घड्याळं दुरुस्त करायचा. स्क्रू बोटांत धरता येईना तेव्हा त्यानं आधी चष्मा बदलला, मग चिमटा बदलला, मग स्क्रू बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. एक दिवस एक बाई बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात आल्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलंच नाही, दादाच्या हातांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्याकडे या. उपाशीपोटी या." त्या डॉक्टरबाई. या आजाराचा माणूस आपण रस्त्यापलीकडून ओळखतो, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या आणि ते खरंही होतं.

दादाचं ऑपरेशन झालं, पण गाठ रक्तवाहिनीला बिलगलेली, सगळी काही निघाली नाही. उरलेल्या तुकड्यासाठी डॉक्टरबाईंनी त्याला आपल्या संशोधनात घेतलं. महिन्याला एक इंजेक्शन, नवं औषध, चाळीस माणसं. दादा पहिला. आणि त्याच्याबरोबर हेलपाटे घालणारी बहीण, जी दुसरीकडे रक्त तपासायचं काम करत होती, तिला त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतच ठेवून घेतलं.

आता यंत्राचं बघा. यंत्र आपणहून काही सांगत नाही. त्याला रोज आधी एक ओळखीचं रक्त दाखवावं लागतं की बाबा रे, हे एवढं संप्रेरक म्हणजे शंभर. मग ते बाकीच्यांचं ठरवतं. हे ओळखीचं रक्त बाहेरून यायचं, पण तीन-तीन महिने यायचंच नाही. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपण आपलंच बनवू. हिचं घ्या. सख्खी बहीण, त्याच घरात वाढलेली, आणि हिला काही नाही. याहून चांगलं नॉर्मल कुठे मिळणार?" दर तीन महिन्यांनी तिचं रक्त काढायचं, वरचा पिवळा द्राव वेगळा करायचा, बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत भरायचा, गोठवून ठेवायचा. वर चिठ्ठी: नॉर्मल, शंभर.

नियम असा, की जुन्या कुप्या संपायच्या आत नव्या त्यांच्याशी ताडून बघायच्या. वर्षभर तिनं ते डोळ्यांत तेल घालून केलं. मग एका आठवड्यात फ्रीजर बंद पडला, जुन्या सगळ्या कुप्या वितळल्या, फेकून द्याव्या लागल्या. नव्या कशाशी ताडणार? तिनं सरळ चिठ्ठीवर शंभर लिहिलं. तीच बाई, तेच रक्त, त्यात बदलायचंय काय! पुढच्या वेळी तसंच, त्याच्या पुढच्या वेळी तसंच. डॉक्टरबाईंनी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. त्याला पाच वर्षं झाली.

आणि औषध तर असं लागू पडलं की काय सांगू. पहिली दोन वर्षं आकडे थोडेसे हलले, मग जे उतरायला लागले ते उतरतच राहिले. दादाचा तीनशे ऐंशी होता, तो दोनशेवर आला, दीडशेवर आला, आणि मागच्या वर्षी दोनदा एकशे वीसच्या आत. संशोधनाचा नियम होता की दोनदा एकशे वीसच्या आत आला तर औषध निम्मं करायचं. दादाचं निम्मं झालं. त्या दिवशी नॉर्मलबाईनं भर दुपारी सगळ्या विभागाला चहा पाजला आणि स्वतः मात्र जिन्यात जाऊन रडून घेतलं.

त्यानंतर आठ महिन्यांनी दादा दाराच्या चौकटीला आपटला.

आपटला म्हणजे साधाच, खांद्यानं. "ही चौकट कालपर्यंत इथे नव्हती," म्हणून हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच बाजूनं. वहिनीनं डावीकडे ठेवलेला चहा त्यानं कोपरानं उडवला. रस्ता ओलांडताना सायकलवाला त्याला घासून गेला आणि वर शिव्याही देऊन गेला. नॉर्मलबाईला हे माहीत होतं. ती ग्रंथी डोळ्यांच्या नसांच्या अगदी खाली बसलेली असते. गाठ वाढली की नसा दबतात आणि आधी कडेचं दिसायचं बंद होतं. वेळेत सुटल्या तर नजर परत येते, नाहीतर येत नाही.

ती डॉक्टरबाईंकडे गेली.

"अगं, आकडा बघ ना," त्या म्हणाल्या. "एकशे अठरा. एकशे अठराला गाठ वाढेल कशी? वय झालं त्याचं, धांदरटपणा वाढलाय. डोळ्यांची तपासणी तीन महिन्यांनी आहेच ठरलेली."

आकडा तिनंच काढलेला.

पण मन काही स्वस्थ बसेना. मंगळवारी औषधाचा दिवस असायचा. बाहेरच्या लांब बाकावर सगळे ओळीनं बसायचे, आणि खरं सांगते, नव्या माणसानं ते बघितलं असतं तर तो दचकलाच असता. एकमेकांशी काडीचं नातं नसलेली माणसं, पण जबडा तोच, कपाळ तेच, मांडीवर ठेवलेले जाडजूड हात तेच. कुण्या एका घरची भावंडं बसावीत तशी बसायची. सहा वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. त्या मंगळवारी मात्र एक शिक्षिका तिच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, कुणाला सांगू नका हं. मी मागची दोन इंजेक्शनं घेतलीच नाहीत. लेकीकडे राहिले होते. आता माझा आकडा चढला असेल ना?"

नॉर्मलबाईनं कागद बघितला. शिक्षिकेचा आकडा उतरला होता.

"औषध अंगात टिकतं हो," तिनं सांगितलं. शिक्षिका खूश होऊन गेली. हिनं मात्र तो कागद पुन्हा एकदा बघितला. माप घेणारी नर्स तिथेच दोऱ्यानं एकाच्या बोटाचा घेर मोजत होती. तिला सगळे मापवाली म्हणायचे. हिनं तिला विचारलं, "काय गं, बोटं उतरतायत ना सगळ्यांची?"

मापवाली तोंडाळ, पण त्या दिवशी तिनं आवाज खाली आणला. "मला नको विचारूस. तुमचे आकडे उतरतायत आणि माझा दोरा लांब होतोय. डॉक्टरबाईंना दोनदा सांगितलं, तर म्हणतात तू सैल धरतेस."

एवढ्यात पहिल्यांदाच तपासणीला आलेला एक माणूस, ट्रक चालवणारा, बाकावर सरकून बसला आणि नॉर्मलबाईला म्हणाला, "बसा ना. तुमचा कितवा महिना?"

"मी इथे काम करते," ती म्हणाली.

तो ओशाळला. माफी मागताना त्यानं तिच्या हातांकडे बघितलं आणि मग उगाचच छताकडे बघायला लागला.

तिनं हात खिशात घातले. हातमोज्यांचं आठवलं तिला. पूर्वी लहान आकाराचे लागायचे, मग मध्यम, आता मोठे. ही सगळ्यांना सांगत सुटली होती की कंपनीवाले लबाड झालेत, हल्ली सगळंच आखूड काढतात. संध्याकाळी दादाच्या घरी फोन केला तर पुतणीनं उचलला. "बाबा, कुठे आहात तुम्ही? आई केव्हाची वाट बघतेय!"

"अगं, मी आत्या."

पलीकडे पोरगी म्हणाली, "आत्या, बाबांच्या आवाजात नको ना बोलूस. भीती वाटते."

ही कुणाच्याच आवाजात बोलत नव्हती. आपल्याच आवाजात बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विभागाच्या व्हरांड्यात उभी राहिली. तिथे भिंतीवर सहा फोटो होते, दर वर्षी एक, सगळे आजारी आणि सगळे कर्मचारी मिळून काढलेले. पहिल्यात ती लगेच सापडली. उजव्या टोकाला, बारीक चणीची, हनुवटी टोकदार, हसताना डोळे मिटलेले. दुसऱ्यात सापडली. तिसऱ्यात सापडली. सहाव्या फोटोत डॉक्टरबाई दिसल्या, मापवाली दिसली, पांढऱ्या कोटातले बाकीचे दिसले, ती स्वतः दिसेना. त्या दिवशी रजेवर होतो की काय आपण? पण नाही, त्या दिवशीची फुलं तिनंच आणली होती. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि एकेक चेहरा बघत निघाली. आजाऱ्यांच्या दुसऱ्या रांगेवरून बोट तीनदा गेलं. चौथ्यांदा ते दादाशेजारी थांबलं. दादाशेजारी दादासारखाच एक चेहरा होता, आणि हसताना त्याचे डोळे मिटलेले होते.

ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. कुणीतरी मागून "जरा सरका" म्हणालं, तेव्हा ती सरकली.

सहा वर्षांत सगळ्या जगाचं रक्त तिनं मोजलं होतं, फक्त स्वतःचं नाही. मोजणार कशाशी? तिच्याशीच तर सगळं मोजत होते! तिचं रक्त चढत गेलं, ते शंभरच राहिलं, आणि त्याच्यापुढे बाकी सगळे उतरल्यासारखे दिसत गेले. औषध घेणारे उतरले, न घेणारेही उतरले. हे तिला असं एका दमात कळलं आणि तिला पहिल्यांदा स्वतःचं नाही, दादाचं निम्मं औषध आठवलं.

पण कळणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. जुनं रक्त हवं होतं, ती निरोगी होती तेव्हाचं. ते तर वितळून गेलेलं. मग तिला आठवलं, पहिल्या वर्षी शेजारच्या रक्तपेढीनं आपलं यंत्र पडताळायला सहा कुप्या उसन्या नेल्या होत्या. आपल्याकडे उसनं नेलेलं कोण परत करतं! ती धावतच गेली. रक्तपेढीतल्या म्हाताऱ्या मदतनिसानं फ्रीजरच्या तळातून बर्फ चढलेला एक डबा काढला, कोटाच्या बाहीनं पुसला. आत चार कुप्या उरल्या होत्या. चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं, बारीक, सरळ. आता तिचं अक्षर असं येत नव्हतं.

दुपारी तिनं यंत्राला रोजच्यासारखं आजचं नॉर्मल दाखवलं, हे बघ, शंभर. मग जुन्या दोन कुप्या आजाऱ्यांच्या जागी ठेवल्या. यंत्राला दोन तास लागायचे. ती स्टुलावर बसून राहिली. यंत्राची सुई खाली जायची, घोट घ्यायची, वर यायची. आतली ती सहा वर्षांपूर्वीची बाई आणि बाहेर बसलेली ही, यातली खरी कोण, असलं काहीबाही तिच्या मनात येत राहिलं, आणि तिला तिथे एकटं बसवेना. पण उठलीही नाही.

आकडा आला: चाळीस. दुसऱ्या कुपीचाही चाळीस.

शंभरचे चाळीस दिसत होते. म्हणजे आजचं तिचं रक्त शंभर नव्हतंच, अडीचशे होतं. म्हणजे सगळ्यांचे आकडे अडीचपट करायचे. तिनं कागदावर दादाचा एकशे अठरा लिहिला, गुणाकार केला, पुन्हा केला. दोनशे पंच्याण्णव. या आकड्यावर त्याचं औषध निम्मं केलं होतं.

डॉक्टरबाईंच्या टेबलावर अहवालाचा गठ्ठा होता, शुक्रवारी जायचा होता. सहा वर्षांचं काम. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "यंत्र बिघडलं असेल."

"नाही बिघडलं."

"कुप्या जुन्या आहेत, खराब झाल्या असतील."

"बाई," ती म्हणाली, "माझ्याकडे बघा."

आणि तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, अहवालाच्या गठ्ठ्यावरच. डॉक्टरबाईंनी हात बघितले. मग चेहरा बघितला. खुर्चीतून उठल्या, तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "जीभ दाखव," म्हणाल्या. तिनं दाखवली. त्या परत खुर्चीत बसल्या.

"रोज बघत होते गं मी तुला," त्या म्हणाल्या. "रोज."

मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलत राहिल्या. एकाच घरातल्या दोघांना हा आजार होऊ शकतो, क्वचित होतो, पण होतो. हे त्यांना माहीत होतं. हे त्या विद्यार्थ्यांना शिकवायच्या. "आणि बहीण म्हणून मी तुझंच रक्त नॉर्मल धरलं. मला कुणी शिकवायला हवं होतं." त्यांचे डोळे भरले होते. पण बाई खमकी. त्यांनी नाक पुसलं, गठ्ठा उचलून खाली जमिनीवर ठेवला आणि पहिला फोन डोळ्यांच्या विभागाला लावला, दुसरा दादाला.

दादाचे डोळे दुसऱ्या दिवशी सकाळी तपासले. दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू गेली होती. उजवीकडचं थोडं परत येईल म्हणाले. डावीकडचं येणार नाही. आठ महिन्यांपूर्वी कळतं तर दोन्ही वाचले असते, असंही त्या तरुण डॉक्टरनं कागदावरून मान वर न करता सांगितलं. ऑपरेशन सोमवारी ठरलं.

दादा बाहेर बाकावर बसला होता. वहिनी कागदपत्रांसाठी खाली गेली होती. नॉर्मलबाई येऊन त्याच्या डाव्या बाजूला बसली. तो समोर भिंतीकडे बघत होता. ती बसल्याचं त्याला कळलंच नाही. वीतभर अंतरावर सख्खी बहीण बसलेली, आणि तिथे कुणीच नसल्यासारखा तो आपला अंगठ्यानं अंगठा चोळत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या जवळून, इतका वेळ, त्याला कळू न देता तिनं त्याला कधी बघितलं नव्हतं. तिला रडू आवरेना.

"कोण?" तो दचकला.

"मी रे."

"चिमणे? कधी आलीस?" तो समोरच बघत म्हणाला. त्याला तिची बाजू दिसतच नव्हती, आणि वळायची सवय अजून लागली नव्हती. गेले आठ महिने, दर औषधाच्या दिवशी, ती त्याच्या याच बाजूला बसत आली होती.

तिनं सगळं सांगितलं. फ्रीजर, चिठ्ठ्या, शंभर, अडीचशे. काही लपवलं नाही. "मी ताडून बघायला हवं होतं दादा. एकदा जरी बघितलं असतं तरी तुझं औषध निम्मं झालं नसतं. तुझे डोळे माझ्यामुळे गेले."

तो म्हणाला, "तुझं अडीचशे? तुझं?"

"हो."

आणि तो वळला. नुसती मान नाही, कंबरेपासून सगळाच वळला, तेव्हा कुठे ती त्याच्या नजरेच्या मधोमध आली. त्यानं तिचं कपाळ बघितलं, जबडा बघितला, आणि हात उचलून आपल्या हातात घेतला. चार हातांमधला कुठला कुणाचा ते सांगता आलं नसतं. सहा वर्षं तो त्या बाकावर बसला होता, एकोणचाळीस परक्यांबरोबर, आणि घरी जाऊन आरशाकडे पाठ करून दाढी करत होता. वहिनी समजून घ्यायची, पोरगी समजून घ्यायची, ही तर रोज मोजायची. पण यातल्या कुणाच्याच बाबतीत ते घडलेलं नव्हतं.

त्याच्या चेहऱ्यावर आनंद उमटला.

खोटं कशाला सांगू, आनंदच तो. लहान मुलाला गर्दीत घरचं माणूस दिसावं तसा. त्यानं तो लपवायचा प्रयत्न केला, ओठ आवळले, पण एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर लपवणार कुठे? मग तो हळूहळू विझला आणि त्याच्या जागी जे आलं ते बघवत नव्हतं. त्यानं तिचा हात सोडून दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं.

"चिमणे," तो हातांआडून म्हणाला, "मला बरं वाटलं गं. तुलाही झालंय हे ऐकून आधी मला बरं वाटलं."

"दिसलं मला," ती म्हणाली.